सी ड्राइव्ह लाल झालाय, ८५ जीबी गेले कुठे तेच कळेना

पत्रिकावाला
नमस्कार मंडळी. मिरजेत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे, लग्नपत्रिका, फ्लेक्स, वाढदिवसाचे बॅनर असली कामं. मशीन डेस्कटॉप, विंडोज ११, रॅम १६ जीबी, सी ड्राइव्ह म्हणजे २५६ ची एसएसडी (दाखवते मात्र २३७ च) आणि डी ला १ टीबीची साधी हार्डडिस्क. गेले आठ दिवस सी लाल झालाय, १.८ जीबी उरलेत. फोटोशॉप उघडलं की स्क्रॅच डिस्क (त्याची तात्पुरत्या फायली ठेवायची जागा) फुल म्हणतं आणि बसतं. लग्नसराई तोंडावर आलीय आणि गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं.

आता खरी गंमत. मी एकेक फोल्डर उघडून प्रॉपर्टीज बघून वहीत बेरीज केली. विंडोज २८, दोन्ही प्रोग्रॅम फाइल्स मिळून ३४, माझा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स मिळून ८८. झाले १५०. वापरलेले दाखवतंय २३५. मग मधले ८५ जीबी कोणी खाल्ले? व्हायरस असेल का? पोराला विचारलं तर म्हणतो फॉरमॅट मारा. फॉरमॅट मारला तर सगळे फॉन्ट परत टाकायचे, नको वाटतं.

रिकामटेकडा
एखादं क्लीनर सॉफ्टवेअर टाका की, एका क्लिकमधे साफ. मी तेच वापरतो.

आयटीतली_काकू
क्लीनर अजिबात टाकू नका दादा. जे काम विंडोजमधेच आहे त्यासाठी बाहेरचा माणूस घरात कशाला घ्यायचा, आणि ते रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) साफ करतो म्हणतात त्याने जागा तर काही मिळत नाही, उलट एखादं चालू सॉफ्टवेअर बंद पडतं.

व्हायरस वगैरे काही नाही. तुमची वही बरोबर आहे, फक्त लपवलेल्या फायली त्यात आल्या नाहीत. तुमच्या नावाच्या फोल्डरमधे ॲपडेटा म्हणून एक हिडन फोल्डर असतो, तो तुम्ही मोजलेलाच नाही. शिवाय सी च्या मुळाशी हायबरफिल (हायबरनेट, म्हणजे चालू काम डिस्कवर साठवून मशीन बंद करायला लागते ती) आणि पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती) अशा दोन मोठ्या फायली असतात, त्याही दिसत नाहीत. आणि सिस्टिम रिस्टोअरचा, म्हणजे काही बिघडलं तर विंडोज आधीच्या स्थितीला न्यायचा साठा वेगळाच, तो सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन या फोल्डरमधे असतो. २३७ चं म्हणाल तर कंपनी १००० ने भागते, विंडोज १०२४ ने, त्यामुळे २५६ चे साधारण २३८ होतात, त्यातलं थोडं बूट आणि रिकव्हरीच्या पार्टिशनला जातं. तिथे चोरी नाही.

काहीही डिलीट करायच्या आधी ट्रीसाइझ फ्री किंवा विनडरस्टॅट यातलं एक टाका (डी वर टाका, सी वर जागा कुठाय!) आणि राइट क्लिक करून ॲडमिन म्हणून चालवा, नाहीतर परत अर्धंच दिसेल. कोणता फोल्डर किती खातो ते मोठ्यापासून लहान असं लावून देतं. आकडे इथे टाका मग बोलू.

पत्रिकावाला
काकू बघितलं. ॲपडेटा ६४ जीबी!! त्यात टेम्प नावाचा फोल्डर ४३ आणि व्हॉट्सॲपचा १४. हायबरफिल ६ च्या वर, पेजफाइल ५ च्या आसपास, सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन १० च्या जवळ. झाली की बेरीज. टेम्पमधे फोटोशॉप टेम्प आणि पुढे आकडे अशा नावाच्या फायली आहेत, एकेक ६-७ जीबीची. उडवू का?

जुना_मेकॅनिक
सापडला चोर. तुमच्याकडे लाईट जाते ना मधेच? फोटोशॉप काम करताना रॅम कमी पडली की डिस्कवर तात्पुरती फाइल करतं, नीट बंद केलं की स्वतःच पुसून टाकतं. पण लाईट गेली किंवा प्रोग्रॅम अडकून एंड टास्क मारला की ती फाइल तशीच पडून राहते, पुढच्या वेळी नवीन होते. फ्लेक्सच्या फायली मोठ्या त्यामुळे टेम्पपण मोठी.

फोटोशॉप बंद करा, मशीन एकदा रिस्टार्ट करा. विंडोज की आणि आर दाबा, पर्सेंटची खूण, टेम्प, परत पर्सेंटची खूण असं इंग्रजीत टाइप करून एंटर. सगळं सिलेक्ट करून शिफ्ट धरून डिलीट. शिफ्ट नाही धरलं तर रिसायकल बिनमधे जाऊन सी वरच बसतं आणि मग लोक म्हणतात डिलीट केलं तरी जागा होईना. काही फायली वापरात आहे म्हणतील, त्यांना स्किप करा.

मग फोटोशॉपमधे एडिट, प्रेफरन्सेस, स्क्रॅच डिस्क्स, तिथे डी ला टिक करा. फोटोशॉप उघडतच नसेल तर सुरू होताना कंट्रोल आणि ऑल्ट दाबून धरा, तेव्हाच डिस्क विचारतं.

हायबरफिल घालवायचं तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश एच, स्पेस, ऑफ. ती फाइल हाताने पुसता येत नाही, खटाटोप करू नका.

रिकामटेकडा
हायबरनेट बंद केल्यावर मशीन हळू सुरू होतं राव, मी केलेलं.

आयटीतली_काकू
हो, फास्ट स्टार्टअप त्याच्यावरच चालतं म्हणून. लॅपटॉप असता तर मीही नको म्हटलं असतं, झाकण मिटून बॅटरी संपली तरी त्याच्यामुळे काम वाचतं. यांचा डेस्कटॉप आहे, एसएसडीवर दहा-पंधरा सेकंदांनी काय बिघडतं.

दादा, रिस्टोअरचा साठा सिस्टिम प्रोटेक्शनमधे कॉन्फिगर मधे जाऊन कमी करा, पूर्ण बंद करू नका. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स इथूनपण बरंच निघतं पण त्या यादीत डाउनलोड्स असतं, त्याला टिक करू नका, तुमच्या गिऱ्हाइकांचे फोटो तिथेच असणार. विंडोजच्या आतलं विनएसएक्सएस आणि इन्स्टॉलर या दोन फोल्डरना हात लावायचा नाही. माझ्या पहिल्या नोकरीत मी हुशारी करून इन्स्टॉलर उडवला होता, नंतर अकाउंट्सच्या मशीनवरचं एक सॉफ्टवेअर ना अपडेट होईना ना निघेना, दोन दिवस साहेबांची बोलणी खाल्ली.

आणि डेस्कटॉपवर ठेवलेलं सगळं सी वरच असतं हं. तुमचे ते ८८.

पत्रिकावाला
काय सांगता, मी समजत होतो डेस्कटॉप वेगळा असतो! म्हणून मी सी वर कधी काही ठेवलंच नाही, सगळं डेस्कटॉपवर 😅

टेम्पमधून ४१ निघाले, हायबरफिल गेलं, रिस्टोअर कमी केलं. आता ५५ मोकळे आहेत, लाल जाऊन निळा झाला. व्हॉट्सॲपला हात लावला नाही, त्यात लोकांच्या पत्रिकांचे मजकूर आहेत.

जुना_मेकॅनिक
ते ठेवा, पण लागणारे फोटो डी वर कॉपी करून मग व्हॉट्सॲपच्या आतूनच डिलीट करा, फोल्डरमधे घुसून नको. डेस्कटॉपसाठी त्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन टॅब, मूव्ह. डी वर नवीन फोल्डर करून तोच द्या, थेट डी ड्राइव्ह देऊ नका, मग सगळ्या डी चाच डेस्कटॉप होऊन बसतो. आणि यूपीएस घ्या हो एक.

पत्रिकावाला
यूपीएस आहे की. बॅटरी गेलीय दिवाळीपासून.

जुना_मेकॅनिक
🙏