पंप न लावता खिडकीतलं हायड्रोपोनिक्स: टब, खत आणि उजेड

खिडकीकाठ:
लहान फ्लॅटमध्ये मातीविना पालेभाजी लावायची आहे. जागा म्हणजे खिडकीखालचा ६० सेंमी लांब कट्टा, थेट ऊन जेमतेम तीन तास. पंपाची घरघर नको आणि वीज गेली की रोपांचा जीव टांगणीला, असंही नको. म्हणून क्रॅट्की पद्धत, म्हणजे पंपाविना टबातल्या स्थिर खतपाण्यावर रोपं वाढवणं, करायचं ठरवलं आहे. २० लिटरच्या टबात किती रोपं बसतील? खत किती ग्रॅम? तीन तासांच्या उन्हावर भागेल का? आणि पाणी उतरलं की टब पुन्हा भरायचा की नाही?

मुळाशी:
शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण ही पद्धत बहुतेक वेळा तिथेच फसते. टब पुन्हा काठोकाठ भरायचा नाही.

रोप लावताना द्रावण (खत विरघळवलेलं पाणी) नेट पॉटच्या, म्हणजे झाकणाच्या भोकात बसवलेल्या जाळीदार कुंडीच्या, तळाला साधारण १ सेंमी भिडलेलं असावं. रोप पाणी पितं तशी पातळी उतरते आणि झाकणाखाली दमट हवेची पोकळी तयार होते. त्या वेळी झाकण उचलून बघा: वरची मुळं आखूड, फाटे फुटलेली, बारीक पांढऱ्या लवेची दिसतील आणि खालची लांब, गुळगुळीत. लव असलेली मुळं हवेतून ऑक्सिजन घेतात, खालची पाणी आणि खत ओढतात. टब वरपर्यंत भरला की हवेवर वाढलेली मुळं बुडतात, त्यांचा श्वास कोंडतो आणि भरल्या टबात रोप माना टाकतं. मग पाणी कमी पडलं असं समजून लोक आणखी ओततात! भर घालावीच लागली तर हवेतली निम्मी मुळं तरी उघडी राहतील एवढीच घाला.

आता टब. ४० × ३० सेंमीच्या झाकणावर लेट्युसची चार रोपं, दोन रोपांत १८ ते २० सेंमी अंतर. एका लेट्युसला काढणीपर्यंत साधारण ४ लिटर द्रावण धरा, म्हणजे १६ लिटरमध्ये चौघांचं भागतं. पाच-सहा कोंबली तर पानं एकमेकांवर सावली धरतात आणि पाणीही आधीच संपतं. नेट पॉट ५ सेंमीचे घ्या. भोक पॉटच्या कडेपेक्षा २-३ मिमी लहान पाडा, म्हणजे पॉट अडकतो, आत पडत नाही. टबातून उजेड आरपार जायला नको. दिव्यासमोर धरून तपासा. उजेड झिरपत असेल तर आधी काळा रंग आणि त्यावर पांढरा द्या. काळ्याने शेवाळ टळतं, पांढऱ्याने पाणी तापत नाही. टब जागेवर ठेवूनच भरा, भरल्यावर तो हलवायचा नसतो.

हिरवीपाती:
खताचं मी सांगते. ४-१८-३८ विद्राव्य खत (आकडे नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशच्या टक्क्यांचे), मॅग्नेशियम सल्फेट आणि कॅल्शियम नायट्रेट हे तिघं घ्या. पालेभाजीसाठी १० लिटर पाण्याला अनुक्रमे ४, २ आणि ४ ग्रॅम. स्वयंपाकघरातला वजनकाटा इथे चालत नाही, ०.१ ग्रॅम दाखवणारा हवा.

क्रम बदलू नका. आधी ४-१८-३८ पूर्ण विरघळवा, मग मॅग्नेशियम सल्फेट. कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या मगात विरघळवून सगळ्यात शेवटी ओता. घट्ट द्रावणं एकत्र आली की कॅल्शियम हे फॉस्फेटशी आणि सल्फेटशी बांधलं जातं आणि पांढरा साका खाली बसतो. तो पुन्हा विरघळत नाही, म्हणजे तेवढं खत रोपापुरतं संपलं. कॅल्शियम नायट्रेट हवेतला ओलावा ओढून चिकट होतं, त्यामुळे डबा घट्ट बंद ठेवा.

ईसी (पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे त्यात खत किती आहे याचं माप) १.२ ते १.६ mS/cm मध्ये ठेवा. नळाच्या पाण्याचा मूळ ईसी आधी मोजून ठेवलेला बरा. पीएच (पाणी किती आम्ल याचं माप) ५.५ ते ६.५, आणि तो खत मिसळल्यावर अर्ध्या तासाने मोजा, आधी नाही. जड पाण्यातलं बायकार्बोनेट पीएच हळूहळू वर नेतं. तो उतरवायला फॉस्फोरिक आम्ल थेंबाथेंबाने वापरा. सायट्रिक आम्ल सूक्ष्मजीव खाऊन टाकतात, त्यामुळे चार दिवसांत पीएच परत वर.

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोहाची बाटली उघडू नका, आधी पीएच बघा. पीएच चढला की लोह पाण्यात असूनही मुळांना मिळत नाही. जुनी, खालची पानं पिवळी पडत असतील तर कारण वेगळं: नायट्रोजन किंवा मॅग्नेशियम कमी पडतंय.

थेंबभर:
तीन तासांच्या उन्हावर रोपं जगतील, पण उंच, लुळी होतील. टबावर २० ते २५ वॅटची पांढरी एलईडी पट्टी पानांपासून २०-२५ सेंमी उंचीवर, टायमरवर १४ ते १६ तास. मोबाइलचं लक्स (उजेड मोजायचं) अ‍ॅप ढोबळ असतं, तरी पानांच्या पातळीला १२,००० ते १५,००० लक्स दिसले की समाधान माना. वायरला प्लगच्या खाली एक झोल द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी झोलावरून गळतं, प्लगमध्ये जात नाही.

डासांसाठी एकच उपाय: फट ठेवायची नाही. झाकण आणि टब यांच्या मध्ये फोमची पट्टी, रिकाम्या भोकाला बूच.

खिडकीकाठ:
आभार, पाणी भरण्याचा घोळ मिटला. दोन शंका: उन्हाळ्यात पाणी तापलं तर? आणि याच टबात टोमॅटो चालेल का?

मुळाशी:
टोमॅटो नको. फळझाडाला पाणी आणि उजेड दोन्ही कितीतरी जास्त लागतात, हा टब त्याला पुरणार नाही. बेसिल छान येते. पुदिना वेगळ्या बरणीत लावा, त्याची मुळं शेजाऱ्याला जागा देत नाहीत.

पाण्याचं मात्र मनावर घ्या. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसात. शिवाय उष्ण पाण्यात पिथियम हा मुळकुज आणणारा, बुरशीसारखा जीव फोफावतो. मुळं तपकिरी, बुळबुळीत, कुबट वासाची झाली तर ते द्रावण फेकून टब ब्लीचने धुवा. निरोगी मुळंही खताने किंचित पिवळसर होतात, पण ती हाताला घट्ट लागतात.

पाणी २५-२६ अंशांच्या वर राहत असेल तर टबाला उन्हाच्या तिरिपेतून हलवण्याऐवजी त्याच्यापुढे पांढरा पुठ्ठा उभा करा. ऊन पानांना हवं, टबाला नको.

हिरवीपाती:
एक भर. उन्हाळ्यात लेट्युसच्या गाभ्यातल्या कोवळ्या पानांच्या कडा करपतात, तेव्हा कॅल्शियम वाढवू नका. कोंदट हवेत कोवळ्या पानांतून बाष्प कमी जातं, म्हणून कॅल्शियम तिथवर पोचतच नाही. छोटा पंखा हळू वेगावर ठेवा, वारा पानांवरून नुसता सरकेल इतकाच.