फलोदी आणि खिचन: दिवाळीच्या सुट्टीत मुक्कामाला जावे का?

प्रश्न – लोणारचा मास्तर

लोणार तालुक्यातील आम्ही काही शिक्षक दिवाळीच्या सुट्टीत सहकुटुंब राजस्थानला जाण्याच्या विचारात आहोत. जैसलमेरच्या किल्ल्याची आणि उंटाच्या फेऱ्यांची माहिती हवी तितकी मिळते. परंतु वाळवंटातल्या माणसांचे रोजचे जगणे दिसेल असे एखादे लहान गाव पाहावे, अशी आमची इच्छा आहे. आमच्या सरोवराला २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, स्थान मिळाले आणि २०२५ मध्ये राजस्थानातल्या फलोदीजवळचे खिचन त्याच यादीत आले, तेव्हापासून हे नाव डोक्यात घोळते आहे. फलोदी मुक्कामासाठी कसे आहे? पक्ष्यांखेरीज तेथे काय पाहावे?

उत्तर – अकोल्याचा पक्षीवेडा

सर, अवश्य जा. मात्र मुक्काम फलोदीत आणि पहाट खिचनमध्ये, असा बेत ठेवा. दोन्हींमधले अंतर अवघे चार-पाच किलोमीटर आहे. मंगोलिया, कझाकस्तानकडून हिमालय ओलांडून येणारे कांड्या करकोचे, म्हणजे तिकडच्या कुरजां, तेथे साधारण सप्टेंबरपासून मार्चपर्यंत असतात. १९७० च्या दशकात एका जैन कुटुंबाने कबुतरांना दाणे टाकण्याचा नेम धरला, त्यात हे पाहुणे सामील झाले आणि हळूहळू साऱ्या गावाने तो भार उचलला. गावाच्या कडेला कुंपण घातलेले चुग्गाघर, म्हणजे पक्ष्यांना दाणे टाकण्याची जागा, आहे. सूर्य उगवला की थवे आधी बाहेरच्या वाळूत उतरतात, बराच वेळ माना उंचावून अदमास घेतात आणि मग एकेक तुकडी कुंपणाच्या आत येते. राखी अंग, काळी मान, डोळ्यामागून निघणारे पांढरे तुरे आणि लालभडक डोळा, हे सारे शेजारच्या घराच्या गच्चीवरून दुर्बिणीशिवाय दिसते. पोट भरल्यावर पक्षी तळ्यांकडे जातात, तेव्हा उशिरा उठणाऱ्यांनी फार अपेक्षा ठेवू नये. दिवाळीत पक्षी असतातच, तथापि डिसेंबर-जानेवारीत त्यांची संख्या खरी डोळ्यांत भरते.

उत्तर – खारपाणपट्ट्यातील शेतकरी

पक्ष्यांचे भाऊंनी सांगितलेच. मी पाण्याचे सांगतो, कारण पूर्णेच्या खोऱ्यात बोअरचे मचूळ पाणी पिऊन वाढलेल्या माणसाची नजर आधी तिकडेच जाते. त्या भागातही भूगर्भातले पाणी अनेक ठिकाणी खारे आहे, जवळच मिठागरे आहेत आणि पाऊस तर आपल्यापेक्षा कितीतरी कमी आहे. म्हणून ढाण्यांवर, म्हणजे शेतातल्या वस्त्यांवर, जमिनीत गोल टांके, म्हणजे पावसाचे पाणी साठवण्याच्या टाक्या, बांधलेले असतात. भोवतालची जमीन सर्व बाजूंनी टाक्याकडे उतरती केलेली असते. तिला आगोर म्हणतात, आणि पावसाळ्यापूर्वी ती झाडून स्वच्छ ठेवली जाते. पहिल्या सरीपासून जे मिळेल ते भिंतीतल्या लहान तोंडांमधून आत उतरते, वर झाकण असल्यामुळे उन्हाने उडून जात नाही. आपल्याकडे शेततळ्याचा कागद दोन-तीन उन्हाळ्यांत फाटतो आणि पुन्हा खर्च येतो, त्यामुळे मी त्या बांधकामापाशी अंमळ जास्तच रेंगाळलो. मालकाला विचारून पाहायला मिळाले तर एखादा टांका मुलांना जरूर दाखवा.

उत्तर – यवतमाळची प्रवासिनी

थोडे वेगळे मत मांडते. वाळूच्या उंच टेकड्यांच्या अपेक्षेने मुलांना नेणार असाल तर फलोदीत त्यांची निराशा होईल, कारण तेथे सपाट माळ, खेजडी म्हणजे आपली शमी, आणि खुरटी झुडपेच अधिक दिसतात. टेकड्यांसाठी जैसलमेरजवळच्या सम किंवा खुडी या गावांनाच जावे लागेल. फलोदीचे आकर्षण वेगळ्या जातीचे आहे: जुना किल्ला, लटियाल मातेचे मंदिर, काचकामाचे जैन मंदिर, आणि बाजार. खिचनमध्ये लाल दगडाच्या हवेल्यांच्या रांगा आहेत, त्यांतील कित्येकींना कुलपे आहेत, कारण मालक व्यापारासाठी कधीच देशभर पांगले. आपल्या वऱ्हाडातल्या कापूसबाजारांत मारवाडी पेढ्या पाहिलेल्यांना ही घरे पाहताना बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. झरोक्यांची नक्षी इतकी बारीक आहे की खालून पाहणाऱ्याला ती लाकडाचीच वाटावी.

उन्हाळ्यात मात्र जाण्याचा विचारही करू नका. १९ मे २०१६ रोजी फलोदीत ५१ अंश तापमान नोंदवले गेले. चंद्रपूर-अकोल्याच्या उन्हाची सवय असलेल्यांनीही तेथे फुशारकी मारू नये. उलट हिवाळ्यात पहाटे कडाक्याची थंडी असते, तेव्हा कानटोपी आणि जाड स्वेटर सोबत असू द्या.

पुन्हा प्रश्न – लोणारचा मास्तर

सर्वांचे आभार. सोबत वयस्कर मंडळीही आहेत. त्यांना रामदेवरा येथे लोकदैवत रामदेवजींच्या समाधीचे दर्शन घ्यायचे आहे. ते याच वाटेवर आहे का, आणि जेवणाची काय सोय होते?

उत्तर – अकोल्याचा पक्षीवेडा

होय, त्याच वाटेवर आहे. जोधपूरहून जैसलमेरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर आधी फलोदी, मग रामदेवरा आणि पुढे पोखरण लागते. भाद्रपदातल्या जत्रेत तेथे पाय ठेवायला जागा नसते, पण दिवाळीत ज्येष्ठांना दर्शन सुखाने होईल. जेवण शाकाहारी मिळते. बाजरीची रोटी आपल्या ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्यांना परकी वाटणार नाही, आणि केर-सांगरीची, म्हणजे केराच्या फळांची आणि खेजडीच्या शेंगांची, भाजी आवर्जून मागा. जोधपूरला उतरून प्रथम फलोदी, दुसऱ्या पहाटे खिचन, त्याच दुपारी रामदेवरा आणि मुलांसाठी शेवटी जैसलमेर, असा क्रम ठेवलात तर यवतमाळच्या ताईंचा आक्षेपही निकालात निघेल.