ऑगस्टमध्ये चौघांचं बॅकपॅकिंग, धबधबे बघायचेत: कुठे जावं?

रानवाट:
आम्ही चौघं कॉलेजपासूनचे मित्र. ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात सगळ्यांची सुट्टी पहिल्यांदाच जुळली आहे, 12 दिवस. सॅक पाठीवर टाकून धबधबे बघत हिंडायचंय. यादीत योसेमिटी, इग्वासू, व्हिक्टोरिया, एंजल आणि आइसलंड. एका दिवसाचे ट्रेक बरेच केलेत, तंबू घेऊन मुक्कामी मात्र कुणीच गेलेलं नाही. काय निवडावं?

ओढाकाठ:
एकच निवडा. आणि निवडताना उंची बघू नका, पाणी कुठून येतं ते बघा. योसेमिटी फॉल 739 मीटरचा आहे, पण त्याचं पाणी वितळणाऱ्या बर्फाचं. मे-जूनमध्ये त्याचा आवाज दरीभर घुमतो, ऑगस्ट सरता सरता बरेचदा नुसता कातळ उरतो. तो यादीतून काढा.

व्हिक्टोरियाचं गणित वेगळं. एप्रिलच्या सुमारास तिथल्या झांबेझी नदीला इतकं पाणी असतं की तुषारांच्या पडद्याआड समोरचा कडाच दिसेनासा होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात झांबियाच्या बाजूचा बराचसा कडा कोरडा पडतो. ऑगस्टमध्ये पाणीही असतं आणि धबधबा दिसतोही. पण तिथे आणि इग्वासूला पाठीवरच्या सॅकचं काम नाही. इग्वासूचे सुमारे 275 प्रवाह बांधलेल्या वाटांवरून बघायचे असतात, अर्जेंटिनाची बाजू आणि ब्राझीलची बाजू मिळून दोन-तीन दिवसांत होतं. अप्रतिम आहे, पण तुम्हाला चालायचंय ना?

चिंबपावलं:
चालायचं असेल तर आइसलंड, त्यातही फिम्वर्दुहाल्सची पायवाट. स्कोगाफॉस हा 60 मीटरचा धबधबा जिथे कोसळतो तिथूनच वाट सुरू होते. बाजूच्या पायऱ्या चढून वर गेलं की बहुतेक पर्यटक फोटो काढून मागे फिरतात, आणि खरी मजा तिथून पुढे आहे. नदीच्या कडेने वर जाताना वीसहून जास्त धबधबे लागतात, एकासारखा दुसरा नाही. पुढे दोन हिमनद्यांच्या मधली खिंड, 2010च्या ज्वालामुखी उद्रेकात तयार झालेली दोन विवरं, मग थोर्समोर्कच्या हिरव्या दरीत उतार. एकूण सुमारे 25 किलोमीटर, चढाई हजार मीटरच्या आसपास. धडधाकट माणसं एका दिवसात करतात, तुम्ही दोन दिवस घ्या. ऑगस्टअखेरीस वाट सहसा खुली असते, पण खिंडीत धुकं आणि जोराचा वारा कधीही येतो. हवामानाचा अंदाज वाईट असेल तर खालीच थांबा. 12 दिवसांतले दोन दिवस यासाठी मोकळे ठेवलेत तर हा निर्णय जड जात नाही.

सेल्यालांड्सफॉस जवळच आहे. त्याच्या मागून चालत जाता येतं. संध्याकाळी जा, उन्हं तिरपी असतात.

रानवाट:
हे वाचून चौघांचंही एकमत झालं! सॅकमध्ये काय घ्यावं? आणि ओढे ओलांडावे लागतात का?

ओढाकाठ:
सॅकचं वजन शरीराच्या वजनाच्या पाचव्या भागापुढे नको. तंबू चौघांत वाटून घ्या: कापड एकाकडे, दांडे दुसऱ्याकडे. सॅकवरच्या रेन कव्हरवर विसंबू नका, तुषार आणि वारा असला की पाणी पाठीच्या बाजूने आत शिरतं. आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालून त्यात कपडे आणि स्लीपिंग बॅग ठेवा. पिसांची बॅग भिजली की ऊब जाते. सुती कपडे घरीच राहू देत.

चिंबपावलं:
ओढ्यांबद्दल कळकळीने सांगते. हिमनदीचं पाणी दुपारी वाढतं, कारण उन्हाने बर्फ वितळतो. सकाळी घोट्याएवढा ओलांडलेला प्रवाह आम्हाला संध्याकाळी मांडीपर्यंत दिसला. आमच्यातल्या एकीला त्याच रात्री पलीकडे पोहोचायचं होतं, बराच वाद झाला, शेवटी अलीकडेच तंबू ठोकला. पहाटे तोच प्रवाह सहज पार केला. त्या वादात नमतं घेतलं नाही याचं मला आजही समाधान आहे.

म्हणून निघायच्या आधीच ठरवा की एकानेही 'नको' म्हटलं तर सगळे थांबतील. प्रवाहात उतरताना सॅकचे छातीचे आणि कमरेचे पट्टे सोडा, घसरलात तर ती झटकन काढता आली पाहिजे. पाणी एकदम गढूळ झालं, काटक्या वाहत येऊ लागल्या की तिथून वर सरका. धबधब्याखालच्या डोहात उडी तर अजिबात नको. तिथलं पाणी हवेने फेसाळलेलं असतं, त्यात माणूस नेहमीसारखा तरंगत नाही.

डोंगरसावली:
एक भर. सगळ्यांत सावकाश चालणाऱ्याला पुढे ठेवा. मागे राहिलेला माणूस धापा टाकत पोहोचतो तेव्हा पुढच्यांची विश्रांती संपलेली असते, आणि त्याला विश्रांती मिळतच नाही.

रानवाट:
मनापासून आभार. आमच्यातला सावकाश चालणारा मीच, त्यामुळे पुढे मी. आज तंबू बघायला जातोय. दोन जणांचे दोन घ्यावेत की चौघांचा एक?

चिंबपावलं:
दोन जणांचे दोन. वाऱ्यात लहान तंबू जास्त टिकतात, आणि एकाचा दांडा मोडला तरी डोक्यावर छप्पर राहतं.