लॉकडाऊनमध्ये हार्ट अटॅक खरंच कमी झाले होते का?

भाचा_नं_१
फॅमिली ग्रुपवर परत तो मेसेज फिरतोय. लॉकडाऊनमध्ये हॉस्पिटलं ओस पडली होती, कुणाला अटॅक येत नव्हता, म्हणजे ब्लॉकेज अँजिओप्लास्टी हा सगळा धंदा आहे वगैरे वगैरे. काकांनी लगेच अंगठा दिला. मला पटत नाहीये पण उत्तर काय द्यायचं तेही कळेना. आमच्याच घरात एप्रिल २०२० मध्ये मामाला झालं होतं, रात्रभर छातीत जळजळतंय म्हणून जेलुसिल पीत बसला, बाहेर पडलं तर पोलीस अडवणार, हॉस्पिटलात गेलं तर कोरोना चिकटणार, दुसऱ्या दिवशी दुपारी नेला तर गेटवर म्हणे आधी स्वॅबचा रिपोर्ट आणा. वाचला, पण हार्टचं पंपिंग (दर ठोक्याला रक्त ढकलायची ताकद) ३० टक्क्यांवर आलं ते आलंच. तर अटॅक खरंच कमी झाले होते की लोकं गेलीच नाहीत? आणि कोरोनाचा हार्टवर डायरेक्ट परिणाम होतो का, की ज्यांना आधीपासून त्रास आहे त्यांनाच? या फील्डमधलं कुणी असेल तर सांगा प्लीज

लेड_ॲप्रन
कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी करतात तिथे, टेक्निशियन आहे. लोकं आलीच नाहीत, सरळ आहे. आणि जी आली ती तुझ्या मामासारखी, ॲसिडिटी समजून घरी बसून मग दुसऱ्या तिसऱ्या दिवशी. हार्टला रक्त पुरवणारी नळी बंद पडली की तासातासाला हार्टचा मसल मरत जातो, उशिरा उघडून मेलेला भाग परत येत नाही, म्हणून ते पंपिंग तिथेच राहतं. हृदयाच्या आतल्या पडद्याला भोक पडलेले पेशंट आधी क्वचित दिसायचे, त्या काळात परत दिसायला लागले.
आमची पण तारांबळ होती, खोटं कशाला बोलू. आत एक्स-रेपासून वाचवणारा लेडचा (शिशाचा) ॲप्रन, वरून पीपीई, चष्म्यावर वाफ, प्रत्येक केसनंतर लॅब सॅनिटाईज होईपर्यंत पुढचा पेशंट बाहेर. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी स्टेंटच्या ऐवजी आधी गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायचे. ते लवकर दिलं तर ठीक काम करतं, बारा तास उलटल्यावर काय उपयोग

मिलानची_माई
मी तेव्हा मिलानला होते. तिकडे हे चक्क मोजलंय. १२ ते १९ मार्च २०२० या एका आठवड्यात इटलीतल्या ५४ हॉस्पिटलांत अटॅकच्या ॲडमिशन आदल्या वर्षीच्या त्याच आठवड्यापेक्षा ४८ टक्के कमी. वाचून तुझे काका खूश होतील, पण पुढचं ऐक. ज्यांची नळी पूर्ण बंद होती अशा पेशंटमध्ये मरणाऱ्यांचं प्रमाण ४.१ टक्क्यांवरून १३.७ वर गेलं. आणि लोदी, क्रेमोना, पाविया, मांतोवा या चार जिल्ह्यांत साथीच्या पहिल्या चाळीस दिवसांत हॉस्पिटलबाहेर हार्ट बंद पडायच्या केसेस आदल्या वर्षीपेक्षा ५८ टक्के जास्त. आता हे सगळेच काही अटॅक नव्हते हं, त्यातल्या बऱ्याच जणांना कोरोना झालेला होता किंवा तसा संशय होता. पण घरीच गेलेली माणसं हॉस्पिटलच्या रजिस्टरात कशी दिसणार?

उगाच_शंका
पण हवा स्वच्छ होती, ऑफिसचं टेन्शन नाही, हॉटेलचं खाणं बंद. थोडे तरी खरंच कमी झाले असतील ना? सगळं भीतीवरच का ढकलायचं

लेड_ॲप्रन
@उगाच_शंका थोडे झाले असतील, नाही म्हणत नाही. पण भारतातल्या कार्डिओलॉजिस्टांच्या संघटनेने देशभरातून आकडे गोळा केले होते, त्यात ॲडमिशन जवळपास ३५ टक्के कमी. महिन्याभराच्या चांगल्या हवेने नळ्यांमधलं वर्षानुवर्षांचं कोलेस्टेरॉल धुऊन निघत नाही राव. आणि टेन्शन नव्हतं हे कुणी सांगितलं, लोकांचे पगार बंद होते

डॉ_उशीर
फिजिशियन आहे, दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. दोन्ही होतं. ताप, वाढलेले ठोके, रक्तात ऑक्सिजन कमी, म्हणजे आधीच अर्धी बुजलेली नळी असलेल्या माणसाला हार्टचं काम वाढतं आणि पुरवठा कमी. वरून शरीरभर आतून सूज (इन्फ्लमेशन) येऊन रक्त घट्ट व्हायला लागतं, नळीतला चरबीचा थर फुटतो, गुठळी बसते. म्हणून तर तेव्हा प्रत्येकाच्या तोंडी डी-डायमर, म्हणजे गुठळ्यांचा अंदाज देणारी रक्ताची टेस्ट, होतं.
पण सगळे ईसीजी ब्लॉकेजचेच नव्हते. मिलान ज्या प्रांतात आहे त्या लोम्बार्दीतच कोरोना असलेल्या आणि ईसीजीत मोठा अटॅक दिसणाऱ्या २८ जणांची माहिती छापून आली होती, त्यातल्या ११ जणांच्या अँजिओत अटॅकला कारण ठरेल असं ब्लॉकेज सापडलंच नाही. हार्टच्या मसलला सूज, बारीक नळ्यांत गुठळ्या, धक्क्याने हार्ट फुगणं, असं काहीही असू शकतं. रक्ताच्या टेस्टमध्ये ट्रोपोनिन (हार्टच्या मसलमधलं प्रोटीन) वाढलेलं म्हणजे मसलला इजा झाली एवढंच कळतं, ती कशाने झाली ते नाही.
आणि एक राग अजून आहे. बीपीच्या रॅमिप्रिल, टेल्मिसार्टनसारख्या गोळ्यांनी व्हायरस जास्त चिकटतो असा मेसेज फिरला आणि लोकांनी परस्पर गोळ्या बंद केल्या, मग बीपी २०० घेऊन आले. ब्राझीलमध्ये ट्रायल झाली, गोळ्या चालू ठेवलेले आणि थांबवलेले यांच्यात कोरोनाच्या बाबतीत फरक दिसला नाही. बंद करून काय मिळवलं?

भाचा_नं_१
धन्यवाद सगळ्यांना, मिलानचे आकडे ग्रुपवर टाकतो, काका काय म्हणतात बघू. डॉक्टर, मग मामाला आता साध्या फ्लूची पण भीती आहे का?

डॉ_उशीर
आहे. कॅनडाच्या ओंटारिओमधला २०१८ चा अभ्यास आहे, फ्लू पक्का झाल्यावर पहिल्या सात दिवसांत अटॅकचा धोका एरवीच्या सहापट. फ्लूची लस दरवर्षी घ्यायची, आपल्याकडे पावसाळ्याआधी घेतलेली बरी. पंपिंग ३० आहे म्हणून घाबरून टाळू नका, उलट त्याच लोकांना जास्त गरज. ताप आला तरी हार्टच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत, आणि अंगदुखीला कॉम्बिफ्लामसारखं काही न घेता साधी पॅरासिटामॉल. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर लस टोचल्यावर दंड जरा जास्त वेळ दाबून धरायला सांग.