रत्नागिरी ते पावस रोजच्या प्रवासासाठी गिअरलेस स्कूटर घ्यावी का?

प्रश्न : शाळेची_वाट

नमस्कार. माझी बदली नुकतीच पावस परिसरातील एका शाळेत झाली असून मी रत्नागिरी शहरात राहते. भाट्ये पूल ओलांडून गोळपचा चढ चढायचा, सड्यावरून (उघड्या कातळी पठारावरून) पुढे जायचे आणि पावसकडे उतरायचे, असा हा वीसेक किलोमीटरांचा रस्ता आहे. एसटीच्या वेळा शाळेच्या वेळेशी जुळत नाहीत, त्यामुळे स्कूटर घेण्याचे मी जवळजवळ ठरवले आहे. माझे वय 44, उंची पाच फूट. सायकल चांगली येते आणि चारचाकीचा परवाना आहे, परंतु दुचाकी आजवर चालवलेली नाही.

मायलेजचे आकडे सगळीकडे मिळतात, म्हणून ते मी विचारत नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत या रस्त्यावर लहान चाकांची गिअरलेस गाडी कशी वागते, उतारावर तिच्यावर विसंबता येते का, आणि शिकणाऱ्या व्यक्तीने नवी गाडी घ्यावी की वापरलेली, हे अनुभवी मंडळींकडून समजून घ्यायचे आहे.

उत्तर : गॅरेजवाला_लांजा

ताई, गाडी जरूर घ्या. मात्र कोकणातल्या उतारावर गिअरलेस स्कूटर नेमकी कशी चालते, हे विकणारे क्वचितच समजावून सांगतात, म्हणून ते आधी सविस्तर लिहितो.

या गाडीत क्लच हाताने दाबायचा नसतो. इंजिनाचा वेग वाढला की क्लचचे शू (घर्षणपट्टी लावलेले वक्र तुकडे) बाहेर फाकतात आणि भोवतालच्या बेलला (वाटीसारख्या धातूच्या डब्याला) घट्ट धरतात, तेव्हा इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोहोचते. तुम्ही रेस पूर्ण सोडली आणि वेग खूपच कमी झाला, की तेच शू आत येतात आणि चाकाचा इंजिनाशी संबंध सुटतो. तिथून पुढे गाडी नुसती घरंगळते. मोटारसायकलवाला दुसऱ्या गिअरमध्ये उतरतो तेव्हा इंजिन गाडीला मागे ओढून धरते. स्कूटरला ती ओढ मुळात कमी असते आणि मंद वेगात ती पूर्ण नाहीशी होते, म्हणजे सगळा भार ब्रेकवर येतो. बहुतेक स्कूटरना मागे ड्रम ब्रेक (चाकाच्या मधल्या डब्याला आतून घासणारा ब्रेक) असतो. लांब उतारावर तो सतत दाबून ठेवला तर लायनर (ब्रेकच्या घर्षणपट्ट्या) तापतात आणि ब्रेक पूर्वीइतका लागत नाही. यावर उपाय सोपा आहे. उतार सुरू होण्याआधीच वेग कमी करावा, ब्रेक एकसारखा घासत न ठेवता थोडा वेळ दाबून सोडावा, पुन्हा दाबावा आणि मधल्या वेळात ड्रमला थंड व्हायला अवसर द्यावा. गाडी अगदी सुटल्यासारखी वाटली तर किंचित रेस देऊन लगेच सोडावी. शू पुन्हा बेलला धरतात आणि इंजिनाची थोडी ओढ परत मिळते.

पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करण्याची सवय आपल्याकडे पुष्कळांना आहे. स्कूटरवर ती कधीही लावून घेऊ नका. इंजिन थांबले की शूही थांबतात, मग उरलीसुरली ओढसुद्धा राहत नाही.

चाकांविषयी तुमची शंका रास्त आहे. दहा इंचांचे चाक खड्ड्यात अधिक खोल जाते आणि हँडलला जास्त झटका देते. टीव्हीएस ज्युपिटरची दोन्ही चाके 12 इंचांची आहेत. होंडा अ‍ॅक्टिव्हाच्या 2020 पासूनच्या 6जी आवृत्तीत आणि सुझुकी अ‍ॅक्सेस 125 मध्ये पुढचे चाक 12 इंचांचे व मागचे 10 इंचांचे आहे. खड्डा आधी पुढच्या चाकाला भेटतो, त्यामुळे किमान पुढचे चाक 12 इंचांचे असावे असे माझे स्पष्ट मत आहे. एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या दुचाकींना एक ब्रेक दाबला असता दोन्ही चाकांवर जोर वाटणारी कॉम्बी ब्रेक यंत्रणा सक्तीची झाली. नवशिक्या हाताला ती फार उपयोगी पडते, त्यामुळे वापरलेली गाडी घेतलीत तरी त्यानंतरचीच पाहा.

उत्तर : सड्यावरून

मी गणपतीपुळ्याच्या बाजूने रत्नागिरीत नोकरीला येते आणि अनेक पावसाळे स्कूटरवरच काढले आहेत. वरच्या उत्तरातील यंत्राची बाजू मला पूर्ण पटते. मी रस्त्याची आणि शरीराची बाजू लिहिते.

मुसळधार पावसापेक्षा पहिल्या एक-दोन सरी अधिक घातक असतात, कारण उन्हाळाभर रस्त्यावर साचलेले तेल आणि धूळ यांचा त्या वेळी निसरडा थर तयार होतो. दुसरा धोका चिरेखाणींच्या (जांभा दगडाच्या खाणींच्या) फाट्यांवर असतो. तिथून बाहेर पडणाऱ्या गाड्यांच्या चाकांबरोबर लाल चिखल डांबरावर येतो आणि वळणावर तो अचानक समोर दिसतो. श्रावणापर्यंत झाडांच्या सावलीतल्या रस्त्याच्या कडेला शेवाळ धरते, म्हणून एखाद्या बसला वाट देताना एकदम कडेला जाऊ नये. आधी वेग कमी करावा आणि मगच बाजू घ्यावी. पांढरे पट्टे आणि पुलाच्या सांध्यांवरील लोखंडी पट्ट्या ओल्या असताना त्यांच्यावर ब्रेक लावू नये. खाडीच्या पुलावर आणि उघड्या सड्यावर आडवा वारा लागतो. तिथे हँडल आवळून धरावेसे वाटते, परंतु खांदे सैल ठेवून वेग उतरवला की गाडी स्वतःच सरळ राहते. संध्याकाळी उशीर झाला तर सड्यावर गुरे बसलेली असतात. ओल्या काळ्या रस्त्यावर काळी म्हैस दिव्याच्या उजेडात अगदी जवळ आल्यावरच दिसते.

गाडी निवडताना ब्रँडच्या आधी स्वतःचे पाय पाहा. सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे नीट टेकले पाहिजेत. या गाड्यांचे वजन साधारण शंभर ते एकशे दहा किलो असते आणि चालत्या गाडीत ते जाणवत नाही. ते जाणवते चढावर थांबताना, चिखलात मागे घेताना आणि मधल्या स्टँडवर लावताना. त्यामुळे शोरूममध्ये विक्रेत्याच्या मदतीशिवाय गाडी स्टँडवर लावून पाहा, ती जमली नाही तर दुसरी पाहा. उतारावर गाडी उभी करताना तोंड नेहमी चढाकडे ठेवावे, नाहीतर ती पुढे सरकून स्टँडवरून उतरते.

रेनकोट शर्ट-पँटचा, दोन तुकड्यांचा घ्यावा; घोळदार कोट वाऱ्याने फुगतो आणि दृष्टीच्या आड येतो. हेल्मेट आयएसआय चिन्हाचे, पूर्ण चेहरा झाकणारे आणि पारदर्शक काचेचे असावे. काळसर काच पावसाळी संध्याकाळी काहीच दिसू देत नाही.

उत्तर : परवाना_आणि_कागद

मी मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतो, त्यामुळे कागदपत्रांपुरते लिहितो. चारचाकीच्या परवान्यावर दुचाकी चालवता येत नाही. आपल्याला दुचाकीसाठी शिकाऊ परवाना काढावा लागेल, किमान तीस दिवसांनी चाचणी द्यावी लागेल आणि तो वर्ग सध्याच्याच परवान्यात जोडला जाईल. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. केवळ विनागिअर दुचाकीचा वर्ग घेतल्यास पुढे मोटारसायकल चालवता येणार नाही, एवढे लक्षात ठेवावे.

वापरलेली गाडी घ्यायची असल्यास आरसीवरील (नोंदणी प्रमाणपत्रावरील) चासी क्रमांक प्रत्यक्ष गाडीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा, कर्जाचा बोजा उतरला आहे का ते पाहावे आणि थकीत चलनांची खात्री करावी. मालकी बदलाचे अर्ज नमुना 29 आणि नमुना 30 हे आहेत. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत कळवणे कायद्याने अपेक्षित आहे. विमाही 14 दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा, ही गोष्ट बहुतेक जण विसरतात. सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीसोबत पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा (अपघातात दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा) घ्यावा लागतो, मात्र स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वेगळा असतो आणि त्याचे नूतनीकरण स्वतंत्रपणे करावे लागते. कोकणात पाण्यामुळे इंजिन बिघडण्याची शक्यता असल्याने त्यासाठीचे जादा संरक्षण पॉलिसीत आहे का, हे वाचूनच सही करावी.

शाळेची_वाट

सर्वांची मनापासून आभारी आहे. पायांचा आणि स्टँडचा मुद्दा माझ्या डोक्यातही आला नव्हता. आणखी दोन शंका आहेत. एक सहशिक्षिका रोज माझ्यासोबत मागे बसून येणार आहे, तेव्हा 110 सीसी पुरेल का? आणि समुद्राजवळच्या हवेत गाडी फार गंजते असे ऐकते, त्यावर काय करावे? विजेवरची स्कूटरही एकजण सुचवत आहेत.

उत्तर : गॅरेजवाला_लांजा

दोघींसाठी 110 सीसी चढू शकते, परंतु गोळपच्या चढावर तिला पूर्ण रेस द्यावी लागेल. रोजच डबलसीट जाणार असाल तर 125 सीसी घ्यावी. बेल्ट (इंजिनाची ताकद क्लचकडे नेणारा पट्टा) आणि क्लच दोन्हींवरचा ताण कमी होईल. मागच्या टायरमध्ये दोन माणसांसाठी वेगळी, जास्त हवा सांगितलेली असते. तो आकडा गाडीच्या पुस्तिकेत छापलेला असतो, पेट्रोलपंपावर अंदाजाने भरून घेऊ नका.

विजेच्या गाडीला माझा विरोध नाही. मात्र परवाना आणि नोंदणी न लागणाऱ्या ज्या स्वस्त गाड्या मिळतात, त्यांची मोटर 250 वॅटपर्यंतची आणि वेग ताशी 25 किलोमीटरपर्यंतचाच असतो. दोघींना घेऊन तो चढ त्यांच्या आवाक्यातला नाही. मोठी, नोंदणीकृत गाडी चढेल, पण पावसाळ्यात तुमच्या भागात वीज किती वेळ जाते आणि घराखाली कोरडी, सुरक्षित चार्जिंगची जागा आहे का, हे पाहून ठरवा.

गंज पत्र्यापेक्षा आधी सायलेन्सर, स्टँडची स्प्रिंग, फूटबोर्डाखालचे बोल्ट आणि बॅटरीची टोके यांना धरतो. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने खालून धुवावी, उन्हात किंवा वाऱ्यावर पूर्ण सुकू द्यावी आणि मगच आच्छादन घालावे. ओल्या गाडीवर प्लास्टिकचे आच्छादन घातले तर गंज अधिक वेगाने वाढतो. रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून गेल्यानंतर ड्रममध्ये पाणी राहते, म्हणून मोकळ्या जागी हळूहळू जात दोन-तीन वेळा ब्रेक दाबून तो कोरडा करून घ्या. पाणी इतके खोल असेल की इंजिन त्यातच बंद पडले, तर पुन्हा स्टार्टर मारू नका. गाडी ढकलून कडेला घ्या आणि मेकॅनिकला बोलवा.

पावसाळ्याआधी, मे महिन्यातच, दोन्ही ब्रेकचे लायनर, टायरची नक्षी आणि क्लचच्या डब्याचे झाकण उघडून बेल्ट दाखवून घ्या. बेल्ट तुटला तर गाडी ढकलता येते, परंतु सड्यावर भर पावसात ढकलायला दोघीही कमी पडाल.