सीलबंद पाकिटाला जादा पैसे का मोजायचे?

गावभागकर (सांगली): 'मूळ बँक पॅकिंग' एवढ्या तीन शब्दांवर १०० नाण्यांचं पाकीट नाणी जमवणाऱ्यांना दर्शनी किमतीच्या कितीतरी वर विकलं जातं. याला माझा साफ विरोध आहे. दुकानदारांकडची मोड १००-१०० च्या पॉलिथिन पाकिटांत घेणं बँकांना सोयीचं, असं रिझर्व्ह बँकेनंच सांगितलेलं आहे. म्हणजे तसं पाकीट कुणीही भरू शकतं, आणि पिशवी चिकटवायचं हातमशीन तर फरसाणवाल्याकडेही असतं. कागदात गुंडाळलेल्या नाण्यांच्या रोलमध्ये तर आतलं दिसतच नाही. दोन्ही टोकांना कोरी नाणी आणि मध्ये घासलेली, ही फसवणूक अमेरिकन रोलमध्ये फार जुनी आहे. पैसे द्यायचे ते साल, टांकसाळ आणि कोरेपणाला. वेष्टनाला कशाला?

पोवई_नाका (सातारा): अजिबात पटत नाही. एकाच सालाची, एकाच टांकसाळीची, हात न लागलेली १०० नाणी सुटी गोळा करून बघा, म्हणजे पाकिटाची किंमत कळेल. आणि न फोडताही तपासता येतं.

आधी वजन. १ रुपयाचं १९९२ पासूनचं स्टीलचं नाणं ४.८५ ग्रॅम, २०११ च्या मालिकेतलं ३.७९ आणि २०१९ चं ३.०९. म्हणजे १०० नाण्यांचे अनुक्रमे ४८५, ३७९ आणि ३०९ ग्रॅम भरले पाहिजेत, पिशवीचं वजन वेगळं. काटा चुकला की भेसळ किंवा मोजणीत घोळ. मग १० पट भिंग घेऊन प्लॅस्टिकवरूनच सालाखाली बघा: चौकट म्हणजे मुंबई, तारा हैदराबाद, टिंब नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. एका पाकिटात दोन खुणा दिसल्या की ते नंतर कुणीतरी भरलंय.

गावभागकर: वजनानं मालिका कळते, झीज नाही. थोडं वापरलेलं नाणं आणि कोरं नाणं यांतला फरक तुमच्या काट्यावर दिसायचा नाही. शिवाय टांकसाळीतही नाणी एकमेकांवर आपटतात. सील शाबूत असलं तरी राजमुद्रेवर ओरखडे असतातच.

आणि खरी भीती आतल्या दमटपणाची. २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी गावभागात, मारुती रोडला शिरलं होतं. अशा गावात कागदी रोल ओल धरतो आणि टोकाची नाणी आधी डागाळतात. स्टील तग धरतं, पण ५ रुपयांचं निकेल-पितळी नाणं लवकर काळवंडतं. पिशवी पीव्हीसीची असेल तर आणखी वाईट. ते प्लॅस्टिक कुजताना आम्ल सोडतं आणि नाण्यावर हिरवट, चिकट थर येतो. तो काढायला काचेच्या वाटीत शुद्ध अ‍ॅसिटोन घ्या, नाणं १०-१५ मिनिटं बुडवा, मग दुसऱ्या ताज्या अ‍ॅसिटोनमधून काढून कापडावर सुकू द्या. चोळायचं नाही. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात रंग आणि तेल असतं. खिडकी उघडी ठेवा, जवळपास गॅस पेटलेला नको. थर निघेल, पण आम्लानं धातू खाल्ला असेल तर ती जागा परत यायची नाही. सील जपायच्या नादात आत हे चाललेलं कळतसुद्धा नाही.

शिवराई: दोघेही दोन वेगळ्या वस्तूंची गल्लत करताय. टांकसाळीच्या प्रूफ (संग्रहासाठी खास चकचकीत पाडलेल्या) आणि यूएनसी (चलनात न आलेल्या) नाण्यांच्या संचांत पेटी, कार्ड हा वस्तूचाच भाग. तिथे पेटी गेली की भाव पडतो, आणि ते योग्यच आहे. मोडीचं पाकीट हे नुसतं वाहतुकीचं वेष्टन.

पोवई_नाका: पीव्हीसीचं मान्य. पण म्हणून पाकीट फोडायचं? हिरवट झाक नसेल तर ते तसंच पॉलिप्रॉपिलिनच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून, वरच्या फळीवर ठेवा. पुड्या पावसाळ्यात बदला. झाक दिसली तर मात्र थांबू नका. आधी दोन्ही बाजूंचे, सीलसकट फोटो काढा, मग शिवणीपासून लांब कापा आणि चिठ्ठी, पिशवी जपून ठेवा. पुढच्या गिऱ्हाईकाला तोच आधार.

गावभागकर: फोटोचं चांगलं सांगितलंत, ते करायलाच हवं. भावाबद्दल मात्र मी हटत नाही. एका सालाची १०० नाणी हवी असणारा गिऱ्हाईक क्वचितच भेटतो, शेवटी ती सुटीच विकावी लागतात. म्हणून सुट्या कोऱ्या नाण्याच्या दराला १०० नं गुणून कुणी भाव सांगितला तर निम्म्यावरून बोलणी सुरू करा, आणि विकणाऱ्यासमोर पाकीट कापायची अट घाला. तो नको म्हणाला तर फक्त दर्शनी किंमत द्या.