बॉम्बे वेल्वेट म्हणे काळाच्या पुढचा होता

फोर्टचा_पायपीटर: काल एकाने लिहिलं की बॉम्बे वेल्वेट पडला कारण आपल्या पब्लिकची लायकी नव्हती, पिक्चर काळाच्या पुढचा होता आणि दहा-वीस वर्षांनी लोक त्याला क्लासिक म्हणतील. हे वाचल्यापासून डोकं फिरलंय म्हणून सविस्तर लिहितोय. पब्लिकला नावं ठेवणं बंद करा आधी. 2015 च्या मे महिन्यात आम्ही पहिल्या दिवशी पैसे मोजून गेलो होतो, कारण ब्लॅक फ्रायडे करणारा अनुराग कश्यप साठच्या दशकातली मुंबई करतोय म्हटल्यावर कोण घरी बसेल? रणबीर, अनुष्का, के के मेनन, करण जोहर व्हिलन, संकलनाला हॉलिवूडच्या स्कॉर्सेसीची नेहमीची संकलक थेल्मा शूनमेकर, शंभर कोटींच्या वर खर्च. आणि हातात काय, तर फोटोंच्या निगेटिव्हच्या मागे धावणारी माणसं आणि मेलेली हिरॉईन रोझी स्वतःचीच जुळी बहीण बनून परत येते!

माझा राग वेगळा आहे. या पिक्चरकडे खरा गुन्हा होता. समुद्र बुजवून नरिमन पॉइंट उभा राहतोय, त्या जमिनीचा भाव कोण ठरवणार, सरकारात कोणाला दाबायचं, कुठला पेपर कोणाच्या बाजूने छापणार. त्याच काळात चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल, प्रवीणा मेहता हे वास्तुरचनाकार आणि इंजिनियर ओरडून सांगत होते की शहर दक्षिणेला कोंबू नका, खाडीपलीकडे न्या. केवढा मोठा झगडा आहे हा! पण पिक्चरमध्ये जमीन म्हणजे दोन हिरोंनी नकाशाकडे बघायचं निमित्त, पुढच्या मिनिटाला परत गाणं.

निळी_पेन्सिल: अहो पण थ्रिलर बघायला गेलात की नगररचनेचं लेक्चर ऐकायला? हिरो जॉनीला 'बिगशॉट' व्हायचंय, त्याला एफएसआयशी, म्हणजे जमिनीवर किती बांधायचं त्या हिशोबाशी, काय देणंघेणं? रस्त्यावरचा पोरगा वरच्यांच्या खेळात मोहरा होतो हीच गोष्ट आहे, आणि ती नीट दिसते. अमित त्रिवेदीची गाणी आजही ऐका, त्या तोडीचा जॅझ हिंदी पिक्चरमध्ये परत झाला नाही. श्रीलंकेत अख्खी जुनी मुंबई उभी केली, ट्रामसकट. आपल्याकडे एवढी मेहनत कोण घेतं? फोर्टात शूट केलं असतं तर प्रत्येक खिडकीत एसी आणि वर होर्डिंग दिसलं असतं.

फोर्टचा_पायपीटर: गाणी चांगली आहेत, ठीक आहे, दिलं. सेटही दिला. पण एवढ्या सेटवर माणसं कुठे आहेत?

लालबाग_परळ: हेच बोलायला आलो. साठच्या दशकातली मुंबई दाखवताय आणि गिरणगाव कुठंय? शहर चालत होतं ते भोंग्यावर. तीन पाळ्या, खानावळी, भजनी मंडळं, एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे गाववाले. माझे आजोबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, कान कायमचे गेले त्या आवाजाने, घरी आम्ही ओरडूनच बोलायचो. पिक्चरमध्ये मराठी माणूस कोण, तर इन्स्पेक्टर कुलकर्णी! पुढे 82 चा संप झाला, गिरण्या गेल्या, 91 च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले, शहराला, घरांना आणि मालकाला, 2001 ला बदल करून बांधकाम नसलेल्या मोकळ्या जागेचेच वाटे उरले, सुप्रीम कोर्टानेही 2006 ला तेच मान्य केलं. आजोबांच्या गिरणीच्या जागी आज काचेचा टॉवर आहे, तिथला वॉचमन मला आत सोडत नाही. क्राइम थ्रिलर हा आहे!

निळी_पेन्सिल: 1969 च्या पिक्चरमध्ये 82 चा संप कसा घालणार? प्रत्येक धाग्यावर गिरणी कामगार आणायलाच हवेत का?

लालबाग_परळ: हो, आणायलाच हवेत, कारण तुम्ही लोक विसरता. 82 सोडा. 1970 च्या जूनमध्ये लालबागमध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंचा खून झाला. पिक्चरचाच काळ, पिक्चरचंच शहर. मटका घ्या, न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर लागायचा सुरुवातीला, आणि खेळणारे निम्मे आमच्याच चाळीतले. हे सगळं सोडून हिरो दोन हातात दोन टॉमी गन घेऊन गोळ्या झाडतो. मुंबईत त्या वेळी रामपुरी आणि तलवारी चालायच्या हो, शिकागो नव्हतं ते.

निळी_पेन्सिल: आवाज खाली. टॉमी गन जुन्या गँगस्टर पिक्चरना सलाम आहे, जॉनी थेटरात बसून तेच बघतो की. आजोबांबद्दल आदर आहे, पण त्यांचं दुःख हे पटकथेतलं भोक होत नाही.

लालबाग_परळ: माझ्या आजोबांचं नाव तुम्ही काढू नका.

म्हापशाची_माय: तुम्ही दोघं मुंबईवर भांडताय, मी रोझीवर बोलते. गोव्याची ख्रिश्चन पोर जॅझ गाते म्हटलं की आम्हाला कोकणी गायिका लॉर्ना आणि तिचा संगीतकार ख्रिस पेरीच आठवणार. माझे मामा धोबीतलावच्या कुडात, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक खोल्यांत राहून हॉटेलात ट्रंपेट वाजवायचे, पहाटे परत यायचे, सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जायचे, कुठल्याच रेकॉर्डवर नाव नाही. ती माणसं या पिक्चरमध्ये गायिकेच्या मागे उभी आहेत नुसती. त्याच सुमारास बार्द्रोय बार्रेटोंचा नाचूंया कुंपासार हा पिक्चर आला, कोकणी, एकही मोठा स्टार नाही, पालोमी घोष आणि आपला विजय मौर्य. गोष्ट त्या दोघांवरूनच, गाणी पेरींचीच. आमच्याकडे म्हाताऱ्या बायका थेटरात मोठ्याने गात होत्या. नावांची यादी लांब असली म्हणजे माणसं खरी होत नाहीत.

निळी_पेन्सिल: तो पाहिलाय, छान आहे, पण तो थ्रिलर नाही. तुलना चुकतेय.

म्हापशाची_माय: ख्रिस आणि लॉर्नाचं पुढे काय झालं हे ठाऊक असूनही मी खुर्चीच्या टोकावर होते. बॉम्बे वेल्वेटमध्ये बॉम्ब फुटतो तेव्हा मी घड्याळ बघत होते.

फोर्टचा_पायपीटर: हेच. भीतीच वाटत नाही. करण जोहरचा खंबाटा एकटा हसतो तो सीन सोडला तर कोणाच्या मनात काय चाललंय याची उत्सुकताच लागत नाही. के के मेननला ब्लॅक फ्रायडेमध्ये नुसतं खुर्चीत बसवलं तरी समोरच्याचा घाम निघायचा. इथे त्याच्या कुलकर्णीला तपासच करू देत नाहीत. त्याला निगेटिव्हवरून जमिनीपर्यंत पोचू द्या, जाताजाता एकदा लालबागला उतरू द्या, अडीच तास मी हललो नसतो.

निळी_पेन्सिल: कुलकर्णी वाया गेला हे मान्य, एवढंच मान्य. जुळ्या बहिणीचंही समर्थन करत नाही. पण पब्लिकने संधी दिली नाही हे माझं म्हणणं कायम आहे, दुसऱ्या आठवड्यात आमच्या इथे शोच उरले नव्हते.

लालबाग_परळ: शो उरले नाहीत कारण पहिल्या आठवड्यात खुर्च्या रिकाम्या होत्या. आम्ही होतो तिथे, बघितलंय.